वरण-भातापासून सुक्या मटणापर्यंत: घरच्या जेवणासोबत नाशिकची वाइन कशी निवडावी?

माशांसोबत पांढरी वाइन आणि मटणासोबत लाल वाइन, हा नियम बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो. हा नियम युरोपातील जेवणातून आला. तिथे मासा बहुधा लोणी, मीठ आणि लिंबू लावून शिजतो, मांस भाजून त्याच्याच रसासोबत वाढले जाते. म्हणजे पदार्थाची चव मुख्यतः मासा किंवा मांस यांचीच असते. मराठी घरात तोच मासा कोकम, ओले खोबरे आणि मिरचीच्या वाटणात शिजतो, तर मटण कांदा-खोबऱ्याच्या भाजलेल्या मसाल्यात. इथे चव मसाल्याची असते. त्यामुळे नियम पाळूनही घरी आणलेली बाटली अनेकदा जेवणासोबत आंबट, कडू किंवा जळजळीत लागते आणि वाइन आपल्या जेवणासाठी नाहीच, असा समज होतो.

खरे तर नाशिक परिसरात आज इतक्या प्रकारच्या वाइन तयार होतात की बऱ्याचशा रोजच्या पदार्थांना त्यातली एखादी जुळते. फक्त निवड करताना भाजी कशाची आहे किंवा मांस कोणते आहे यापेक्षा तिच्यात चिंच, गूळ, मिरची आणि खोबरे किती आहे, हे पाहावे लागते.

नाशिकची वाइन म्हणजे काय?

महाराष्ट्रात आधुनिक पद्धतीची वाइन १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे मोठ्या प्रमाणावर बनू लागली. नाशिकमध्ये या व्यवसायाला खरा वेग आला तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला विनयार्ड्सने लागवड केली आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाइन उद्योगाला करसवलती मिळाल्या आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. पुढे यॉर्क, सोमा, रेव्हिलो, व्हॅलोने, ग्रोव्हर झांपा अशा वाइनरी जिल्ह्यात आल्या. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली ही वाइनरी आहे.

वाइनची द्राक्षे आणि बाजारात मिळणारी खाण्याची द्राक्षे वेगळी असतात. थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश किंवा सोनाका ही मोठ्या मण्याची, बिनबियांची आणि पातळ सालीची द्राक्षे खाण्यासाठी असतात. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि आत बिया असतात. रंग आणि तुरटपणा सालीतून व बियांतून येतो, म्हणून वाइनसाठी हेच गुण लागतात. मात्र अशा द्राक्षांना खाण्याच्या बाजारात गिऱ्हाईक नसते. २००८ नंतरच्या मंदीत वाइनची मागणी घटली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांना वाइनच्या वेली काढून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांकडे वळावे लागले, ते याच कारणाने.

युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात सुप्त राहते आणि शरद ऋतूत फळ देते. महाराष्ट्रात वेलीला अशी सक्तीची विश्रांती मिळत नाही. त्यामुळे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून पीक कोरड्या हंगामात आणले जाते. काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकमध्ये त्या दिवसांत दुपारी ऊन आणि रात्री थंडी असते. उन्हाने द्राक्षात साखर भरते, थंड रात्रींमुळे आंबटपणा टिकतो. हा आंबटपणा जेवणासोबत फार उपयोगी पडतो.

ताटातील चवी वाइनची चव कशी बदलतात?

वाइनची चव जेवणासोबत बदलते. हा बदल बऱ्याच अंशी आधी ओळखता येतो.

आंबट: पदार्थ आंबट असेल तर वाइनचा आंबटपणा कमी जाणवतो. पदार्थापेक्षा वाइन कमी आंबट असेल, तर ती पाणचट लागते. चिंचेच्या आमटीसोबत हे हमखास घडते. चिंचेतील मुख्य आम्ल टार्टारिक आम्ल आहे आणि द्राक्षातील मुख्य आम्लही तेच. त्यामुळे आमटीसमोर टिकायला वाइन चांगली आंबटसर असावी लागते.

गोड: गुळाचा पदार्थ खाऊन पूर्ण कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन प्यायली, तर ती आंबट आणि रुक्ष लागते. चहासोबत जिलेबी खाल्ल्यावर चहा फिका लागतो, तसेच हे आहे. वाइन पदार्थाइतकी किंवा त्याहून किंचित जास्त गोड असावी.

तिखट: मिरचीतील कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला जागे करते, तोच ग्राही उष्णताही ओळखतो. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. अल्कोहोल हा ग्राही आणखी संवेदनशील करते, म्हणून तीव्र वाइनने तिखटाची जळजळ वाढते. थंडपणा आणि थोडा गोडवा ती कमी करतात.

तुरट: लाल वाइनमधील टॅनिनमुळे तोंड कोरडे पडते. कडक कोरा चहा किंवा कच्चे जांभूळ खाल्ल्यावर जसे वाटते तसे. तिखटासोबत हा तुरटपणा बोचरा होतो. चरबी आणि प्रथिने असलेल्या मांसासोबत मात्र तो सौम्य लागतो.

खारट आणि तळलेले: मीठ वाइनचा आंबटपणा व तुरटपणा दोन्ही मऊ करते. तळलेल्या पदार्थाचा तेलकटपणा आंबटसर किंवा बुडबुडे असलेल्या वाइनने धुऊन निघतो. भज्यांवर लिंबू पिळण्यामागे हेच गणित असते.

डावी बाजू आधी पाहा

मराठी ताटात उजवीकडे भाज्या आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे असते. वाइन निवडताना लोक उजवी बाजू पाहतात, पण जुळवणी बिघडते ती बहुतेक वेळा डावीकडून. कैरीच्या लोणच्यात आंबट, खारट, तिखट आणि मोहरीचा झणका एकाच घासात असतो, त्यासमोर कोणतीही वाइन टिकत नाही. मिरचीचा ठेचा आणि लसणाची लाल चटणी यांचेही तसेच. उलट काकडीची कोशिंबीर, दही आणि ओल्या खोबऱ्याची सौम्य चटणी वाइनला मदत करतात. दुधातील केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून ठेवते, त्यामुळे दह्याने तोंड निवते आणि पुढच्या घोटाची चव कळते.

यावरून एक सोपी सवय लावता येते. वाइन सोबत असेल त्या दिवशी डावी बाजू सौम्य ठेवावी, किंवा लोणचे-ठेचा घेतल्यावर आधी दही-भाताचा घास घ्यावा आणि मग वाइनचा घोट.

शाकाहारी जेवणासोबत

वरण-भात, तूप आणि लिंबू: चव सौम्य, तुपाचा स्निग्धपणा आणि वर लिंबाचा आंबटपणा. इथे सोव्हिन्यों ब्लांक शोभते. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांकमध्ये बऱ्याचदा हिरव्या ढोबळी मिरचीचा, ताज्या गवताचा वास असतो. वरणावर कोथिंबीर असेल तर तो अधिक खुलतो.

गोड्या मसाल्याची आमटी: चिंच आणि गूळ दोन्ही असल्याने वाइनही थोडी आंबट, थोडी गोड लागते. शेनिन ब्लांक हे मूळचे फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातील द्राक्ष नाशिकमध्ये चांगलेच रुजले आहे. त्याच्या अनेक बाटल्या किंचित गोड ठेवलेल्या असतात. आमटी-भात, अळूची पातळ भाजी, चिंच-गुळाची मेथी यांच्यासाठी ही सर्वांत सोयीची वाइन.

भरली वांगी: दाण्याचे कूट, तीळ, सुके खोबरे आणि थोडा गूळ. भाजी तेलकट आणि खमंग असते. तिला पांढरी वाइन कमी पडते, तर जड लाल वाइन गुळामुळे कडवट लागते. मधला मार्ग म्हणजे थंड रोझे, म्हणजेच गुलाबी वाइन. हलकी, आंबटसर लाल वाइन आवडत असेल तर सांजोव्हेसे चालते.

वांग्याचे भरीत: जळगावकडची वांगी विस्तवावर भाजल्याने भरतात धुराचा वास उतरतो. शिराझमध्येही काळ्या मिरीचा व धुरकट असा वास असतो, म्हणून दोघांचे जमते. हिरवी मिरची मात्र हात राखून घालावी.

पिठले-भाकरी: बेसन तोंडात चिकटते, लसूण-मिरचीची फोडणी असते. झिनफंडेलपासून केलेली किंचित गोड रोझे चांगली गार करून घ्यावी. ज्वारीच्या भाकरीची सौम्य गोडी तिला पूरक ठरते.

कोथिंबीर वडी, अळूवडी, कांदाभजी, बटाटावडा: तळलेल्या पदार्थांसोबत ब्रूट स्पार्कलिंग वाइन सर्वांत छान लागते. बुडबुडे आणि आंबटपणा मिळून तेल कापतात. अळूवडीत चिंच-गूळ जास्त असेल तर मात्र पुन्हा शेनिन ब्लांककडे वळावे.

काटेकोर शाकाहारी व्यक्तींनी आणखी एक गोष्ट तपासावी. वाइन स्वच्छ, नितळ करण्यासाठी काही वाइनरी अंड्यातील पांढरा भाग, केसीन किंवा माशापासून मिळणारे आयसिंग्लास वापरतात, तर काही बेंटोनाइट नावाची माती वापरतात. हे पदार्थ नंतर काढून टाकले जातात, तरीही ज्यांना चालत नाही त्यांनी लेबल पाहावे किंवा वाइनरीकडे विचारणा करावी.

मासे असतील तर

रव्यात घोळवून तळलेले बोंबील, सुरमई किंवा पापलेट यांच्यासोबत सोव्हिन्यों ब्लांक किंवा ब्रूट स्पार्कलिंग घ्यावी. जिथे लिंबाची फोड चालते, तिथे या दोन्ही चालतात.

खोबऱ्याच्या वाटणाच्या मालवणी कालवणात कोकम किंवा त्रिफळे असतात. खोबऱ्याच्या स्निग्धपणाला थोडी भरीव वाइन लागते. व्हियोनियेला जर्दाळू आणि फुलांचा वास असतो, ती सौम्य कालवणासोबत चांगली लागते. कालवण आंबट आणि तिखट असेल तर शेनिन ब्लांक किंवा थोडी गोडसर रिस्लिंग बरी.

माशांसोबत लाल वाइन का टाळतात, यालाही कारण आहे. २००९ साली जपानमधील संशोधकांनी दाखवले, की वाइनमध्ये लोह जास्त असेल तर मासे खाल्ल्यावर तोंडात उग्र हिवसट चव उरते. लोहाचे प्रमाण प्रत्येक लाल वाइनमध्ये सारखे नसते, त्यामुळे कधी जमते, कधी नाही. सुक्या बोंबलाची चटणी किंवा बांगडा अशा तेलकट, उग्र माशांसोबत लाल वाइनचा धोका न पत्करणेच चांगले.

कोंबडी आणि मटण

घरच्या साध्या कोंबडीच्या रश्श्यासोबत रोझे किंवा हलकी लाल वाइन पुरते. अंड्याच्या रश्श्याचेही तसेच.

मटणाच्या बाबतीत रस्सा आणि सुके यांत फरक करावा लागतो. सुक्या मटणात भाजलेला कांदा, खोबरे आणि मटणाची चरबी असते. नाशिकच्या शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों इथेच खऱ्या शोभतात, कारण चरबी टॅनिनला मऊ करते. त्यातही शिराझ फळांचा स्वाद आणि मिरीच्या वासामुळे मसाल्याला अधिक जवळची. लेबलवर ‘रिझर्व्ह’ लिहिलेल्या बाटल्या बहुधा ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेल्या असतात. लाकडाचा तुरटपणा तिखटासोबत कडू लागू शकतो, म्हणून तिखट मटणाला साधी शिराझच घ्यावी.

कोल्हापुरी ताटात पांढरा आणि तांबडा रस्सा शेजारी असतात, पण दोघांना एक वाइन चालत नाही. नारळाचे दूध, काजू आणि खसखस असलेल्या पांढऱ्या रश्श्याला व्हियोनिये किंवा शारदोने जुळते. तांबड्या रश्श्याला थंड, किंचित गोड रोझेच काय ती साथ देते.

गोव्यात तर हा संबंध पदार्थाच्या नावातच आहे. विंदालू हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘विन्या दाल्योस’वरून, म्हणजे वाइन आणि लसूण यांत मुरवलेल्या मांसावरून आला. गोव्यात वाइनची जागा माडाच्या ताडीपासून केलेल्या व्हिनेगरने घेतली आणि मिरची वाढली. व्हिनेगर व तिखट एकत्र असल्याने विंदालूसोबत कोरडी लाल वाइन कर्कश लागते. गोव्यातील घरांत मिळणारी ‘पोर्ट’ नावाची गोड लाल वाइन अशा पदार्थांसोबत सुसह्य लागते, ती तिच्या गोडव्यामुळेच.

कुठे वाइन नकोच?

झणझणीत मिसळ, सावजी रस्सा, ठेचा-भाकरी आणि लोणच्याचे दही-बुत्ती यांसोबत वाइन घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. मिरचीपुढे वाइनचा वास आणि चव दोन्ही हरवतात, वर जळजळ वाढते. इथे ताक, मठ्ठा आणि सोलकढी हेच योग्य सोबती आहेत. आपल्या जेवणाने ते फार पूर्वीच शोधून ठेवले आहेत.

गोड पदार्थांना लेट हार्वेस्ट, म्हणजे द्राक्षे वेलीवर जास्त दिवस ठेवून केलेली गोड वाइन लागते. शेवयांची खीर, नारळाची वडी किंवा फळांसोबत ती थोडीशी घेता येते. पुरणपोळी आणि श्रीखंड अनेक घरांत नैवेद्याचे पदार्थ असतात. तिथे चवीच्या जुळवणीपेक्षा घराचा रिवाज मोठा.

बाटली घेताना आणि ठेवताना

मराठी मुलुखातील उन्हाळा वाइनचा मोठा शत्रू आहे. दुकानात दर्शनी काचेमागे उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नये. लेबलवरील साल म्हणजे द्राक्षे काढल्याचे वर्ष. रोजच्या वापराच्या पांढऱ्या आणि गुलाबी वाइन एक-दोन वर्षांच्या आतल्या घ्याव्यात, त्या ठेवून सुधारत नाहीत. बाटलीला बूच आहे की फिरकीचे झाकण, यावरून दर्जा ठरत नाही.

पांढरी, गुलाबी आणि स्पार्कलिंग वाइन फ्रिजमधून थेट काढून घ्यावी. लाल वाइन खोलीच्या तापमानाला घ्यावी असे म्हणतात, पण ती खोली युरोपातील, १६ ते १८ अंश सेल्सिअसची. आपल्याकडे लाल बाटलीही प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. गरम लाल वाइनमध्ये अल्कोहोलच पुढे येते. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस बरी राहते. स्पार्कलिंगचे बुडबुडे मात्र लवकर जातात. काचेचा साधा ग्लास पुरतो, तो अर्ध्याहून कमी भरला की वास नीट घेता येतो.

एका ग्लासात मद्य किती?

वाइन म्हणजे फळांचा रस, दारू नव्हे, असा समज अनेक घरांत आहे. हिशेब वेगळे सांगतो. १२.५ टक्के अल्कोहोल असलेल्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १९ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये ते सुमारे १३ मिलिलिटर असते. म्हणजे वाइनचा एक ग्लास जवळपास दीड छोट्या पेगएवढा. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे पाच ग्लास होतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की आरोग्याला पूर्णपणे निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. त्यामुळे तब्येतीला चांगली म्हणून वाइन सुरू करण्यात अर्थ नाही. गरोदरपणात, यकृताचा विकार असताना आणि गाडी चालवायची असताना ती घेऊच नये. मधुमेहाची औषधे, झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडाझोलसारखे औषध सुरू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. वय आणि परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. महाराष्ट्रातही वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे.

सुरुवात कशी करावी?

एकच बाटली आणायची असेल तर किंचित गोड शेनिन ब्लांक आणावी. आमटी, भाजी, कालवण, भजी यांपैकी बहुतेक पदार्थांसोबत ती निभावून नेते. दुसरी बाटली रोझे आणि मटण होणाऱ्या घरात तिसरी शिराझ. पहिल्यांदा जेवताना आधी नुसता एक घोट घ्यावा, मग भाजीचा घास आणि पुन्हा घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा कडू, आंबट किंवा जळजळीत लागला, तर त्या भाजीत गूळ, चिंच की मिरची जास्त होती, हे पाहावे. दोन-चार जेवणांत हा अंदाज बसतो आणि पुढची बाटली विचार करून घेता येते.